मी व इतर

महामहोपाध्याय दादास,

आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाला तू दिलेली फोटोंची खोकी लावता लावता माझी पाठ कामातून गेली. उद्या तुझे फोटो संकेतस्थळावर सर्वांना खुले होतील. "फोटोंखालच्या माझ्या ओळींना हात लावायचा नाही," ही तुझी अट. सत्काराच्या फोटोखाली तू लिहिलंयस, "मी व इतर". शेजारी फक्त आपली आई आहे. ती रोज विचारते, "सापडले का गं मी कॉम्प्युटरवर?" नावावाचून कशी सापडेल? इतरेतर द्वंद्व समासात दोन्ही पदं सारख्याच मानाची, हे तूच मला शिकवलंस. म्हणून तुझ्या ओळीपुढे कंसात आईचं पूर्ण नाव घातलं. विचारलं तर नाही म्हणशील, म्हणून हे पत्र टाकत नाही.

इतरांपैकीच एक,
तुझी धाकटी