बाकाचं दुसरं टोक

३ जून
शनिवारची दुपार, रिकामं चर्च, आणि मेण लावलेल्या फडक्यावर बसलेली मी. ताई मागून ढकलायची — "छोटे, पाय वर!" — की मी सुळ्ळकन बाकाच्या पार दुसऱ्या टोकाला! चर्चमधल्या सिस्टरांनीच शिकवलेली युक्ती. फडक्यावर बसून घसरायचं, म्हणजे बाकं आपोआप चकाकतात. आम्ही किंचाळायला लागलो की त्या खिडकीकडे तोंड करून हसायच्या.

आज हे आठवायला कारण झालं. वाचनालयाच्या दारावर नोटीस लागली आहे. पंधरवड्यात बंद!

आमचंच ते चर्च. माणसं पांगली, प्रार्थना थांबल्या. मग शाळेचा हॉल झाला, मग धान्याचं गोदाम, मग वाचनालय. आता म्हणे जिम होणार.

ताईला कसं सांगू? तिच्या डोक्यात ते अजून चर्चच आहे. रोज चारला मी तिला तिथे नेते. उरलेल्या एकुलत्या एका जुन्या बाकावर ती हात जोडून बसते आणि शांत होते. एरवी दिवसभर घरात "मला घरी ने" म्हणून माझा पदर ओढते. मी कोण, तेही कधी कधी विसरते. तिथे बसली की मात्र "छोटे" म्हणते.

९ जून
भाच्याचा फोन. "मावशी, आईचं तू किती दिवस करणार? इकडे वृद्धांसाठी एक चांगलं होम आहे."
म्हटलं, "मी आहे ना!"
किती ठसक्यात म्हटलं!

१७ जून
पुस्तकं गेली. बाकही गेलं. वाचनालयाच्या बाई माझ्या गळ्यात पडून रडल्या. ताई कुलपाकडे बघत उभी. "उशीर झाला का गं आपल्याला?"
रात्री जेवली नाही. मीही नाही.

२ जुलै
जिम उघडली. समोरून जात होतो, तर ताई हात सोडवून थेट आत! कानठळ्या बसवणारी गाणी, घामाचा वास, जिथे वेदी होती तिथे वजनं. ताईने एक लांबट बाक गाठलं, डोक्यावरचा रुमाल काढला, अंथरला, त्यावर बसली — आणि घसरायला लागली! मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

ट्रेनर धावत आला. "आजी, व्यायाम करायचाय का?"
"पाय वर घे. डाग राहतोय," ताई म्हणाली.

सगळे फिदीफिदी हसले. मी त्याला कसंबसं सांगितलं — हे चर्च होतं, आम्ही लहानपणी अशीच बाकं पुसायचो, हिला आता काही आठवत नाही.

तो मात्र हसला नाही. मागे वळून ओरडला, "बघा! उठताना बाक पुसा म्हणून घसा फोडतोय मी. एकाला तरी कळतं का?" मग ताईकडे वाकून, "आजी, उद्या याल ना?"

३ जुलै
गेलो. चारला त्याने गाणी बंद केली. काही न विचारता.

२१ जुलै
ताई आता तिथली 'बाकवाली आजी'. आज एका दांडग्या गड्याला म्हणाली, "एवढा रेडा झालास, फडकं उचलवत नाही?" तो निमूट पुसायला लागला! घरी येताना तिने माझा हात धरला. "छोटे, आज चकाकलं हं सगळं."

रंगीत काचांची खिडकी अजून आहे. तिच्याखाली भिंतभर आरसा लावलाय. त्यात मी मला नीट पाहिलं.
ट्रेनर म्हणाला, "मावशी, किती बारीक झालात हो!"
"तुझ्या जिमची जाहिरात!" म्हटलं.

२९ जुलै
ताईला जिममध्ये बसवून डॉक्टरांकडे गेले. एकटीच.

५ ऑगस्ट
रिपोर्ट आला. डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली, तेव्हाच कळलं.

११ ऑगस्ट
माझी जपमाळ वाचनालयाच्या बाईंना. शिवणाचं मशीन शेजारच्या नर्सबाईंना, आणि माझी खोलीही — त्या ताईजवळ राहायला तयार आहेत. घर भाच्याला, पण ताई आहे तोवर ते ताईचं. तिला होममध्ये नेऊ नये. मेणाचा डबा ट्रेनरला. चारला तो स्वतः न्यायला येईन म्हणालाय.

ताई विचारेल, छोटी कुठे गेली? सांगा — बाकाच्या दुसऱ्या टोकाला. तूच ढकललीस ना!