मला चावलेल्या कुत्रीच्या ताब्याबाबत

मी, खाली सही करणारी बाई, वय वर्षे बहात्तर, धंदा शिवणकाम, राहणार मटणाच्या दुकानाच्या वरचा मजला, राजीखुशीने आणि कोणाच्याही धाकाशिवाय लिहून ठेवते की माझी शुद्ध जागेवर आहे. अक्कलहुशारीबद्दल माझ्या नणंदेला शंका आहे. परंतु ती शंका माझ्या लग्नाच्या दिवसापासूनची असल्यामुळे तिला वैद्यकीय आधार नाही. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

हे लिहिण्याचे कारण असे. पुढच्या आठवड्यात माझ्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. डॉक्टरांनी दोन पर्याय समोर ठेवले, डुकराची किंवा धातूची. मी चाळिशीपासून दूधसुद्धा तोंडाला लावलेले नाही. म्हटले, डुकराची झडप डुकरालाच लखलाभ, मला धातूची बसवा. ती टिकटिक वाजते, असे त्यांनी बजावले. त्यावर नणंद म्हणाली, "बरं झालं वहिनी, तू घरात कुठे आहेस ते तरी कळेल." बहुधा सगळे नीटच होईल. पण नाही झाले, तर माझ्यामागे एका जिवाला सुई टोचून मारतील, आणि तेवढे टाळण्यासाठी हा सगळा खटाटोप आहे. त्या जिवाचे कलम शेवटी येईल. आधी किरकोळ वाटप उरकते.

एक. वरचा मजला, म्हणजे दोन खोल्या आणि गॅलरी, माझ्या नवऱ्यामागे माझ्या नावावर झाला. तो मी आमच्या मंडळाला देते. मंडळ दोन कामे करते. कोणाला पोलिसांनी उचलले की वकील येईपर्यंत ठाण्यातल्या बाकावर ठिय्या देऊन बसायचे. आणि उरलेल्या वेळात जनावरांच्या बाजूने भांडायचे. लोक विचारतात, या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध? संबंध असा की बंद दाराआड काय चालते, हे दोन्हीकडे आतल्याला सांगता येत नाही. जिना मात्र खालच्या दुकानाशी सामाईक आहे. मंडळाने जिन्यात घोषणा देऊ नयेत. खाली गिऱ्हाईक असते, आणि ते माझ्या नणंदेचे गिऱ्हाईक आहे.

दोन. माझ्या नवऱ्याच्या सुऱ्या नणंदेला द्याव्यात. खाटकाच्या घरात सून म्हणून आलेल्या बाईने मांस सोडले तेव्हा गल्लीत महिनाभर दुसरा विषय नव्हता. सासूबाईंनी तर अबोलाच धरला. नवऱ्याने बाजारातून माझ्यासाठी वेगळे पातेले आणले, पातेल्याच्या काठावर हिरव्या रंगाची खूण केली आणि सगळ्यांसमोर सांगितले की याला कोणी हात लावायचा नाही. तो स्वतः शेवटपर्यंत खाटीकच राहिला. पण दुकान बंद केल्यावर अंघोळ करून सदरा बदलल्याशिवाय कधी जिना चढला नाही. माणूस सोन्यासारखा होता. आम्ही जन्मभर भांडलो आणि एकमेकांना कधी कंटाळलो नाही. सुऱ्यांना मी अजून धार लावून ठेवते. त्याला बोथट सुरी आवडत नसे. जनावराचे हाल होतात म्हणायचा.

तीन. शिवणयंत्र मंडळातल्या चष्मेवाल्या मुलीला. तिला पायमशीन चालवता येत नाही, पण फलक शिवायला कोणीतरी हवे. तिने आधी सुईत दोरा ओवायला शिकावे, क्रांती नंतर करावी.

या यंत्रावर मी बावीस वर्षे पोलिसांचे गणवेश शिवले. या शहरातल्या निम्म्या पोलिसांच्या कमरेचे माप मला पाठ आहे, आणि ते कसकसे वाढत गेले तेही. मोर्चाच्या दिवशी हे लोक छातीवरची नावाची पट्टी काढून खिशात ठेवत. मारणारा कोण, हे मग कोणाला सांगता येत नसे. म्हणून एका वर्षी मी नवीन गणवेशांच्या खिशावर नावे दुहेरी दोऱ्याने थेट कापडावरच भरून दिली. नाव काढायचे तर खिसा फाडावा लागेल, अशी. कंत्राट गेले. पण तेवढे वर्षभर प्रत्येक जण नावानिशी वावरला, आणि त्या वर्षी लाठ्या जरा जपूनच पडल्या, असे लोक सांगतात.

चार. त्या वेळच्या मोठ्या साहेबांनी त्यांचा गणवेश माझ्याकडून नेलाच नाही. तो कपाटात आहे. तो त्यांना पोचता करावा. इस्त्री केलेली आहे. माझे त्यांच्याकडे दुसरे काही मागणे नाही, असे लिहिणार होते. पण मरताना खोटे कशाला बोला? मागणे आहे, आणि ते पुढे येते.

पाच. बँकेत जे निघेल त्यातून मंडळाच्या वकीलबाईंची फी द्यावी. त्या घेणार नाहीत. तरी द्यावी.

सहा. आता मॅडम.

मॅडम ही माझी कुत्री. "माझी" हा शब्द वकीलबाईंच्या आग्रहामुळे आला आहे. कायद्याने कुत्रा ही जंगम मालमत्ता, कपाट आणि पातेल्याच्या रांगेतली. मला हे मान्य नाही, आणि मान्य नसल्याची नोंद या मृत्युपत्रातच करून ठेवते.

ती पोलीस खात्यातली. आमच्या भाजीबाजारातल्या एका हमालाला ठाण्यात नेले, आणि बाहेर आला तेव्हा त्याच्या उजव्या हाताची दोन बोटे मोडलेली होती. खात्याने सांगितले, पायरीवरून पडला. त्यासाठी आम्ही मोर्चा काढला. ठाण्याच्या फाटकापाशी कुत्री सोडली गेली आणि तिने माझी पोटरी धरली. मी खाली पडले. तेवढ्यात तिच्या शिपायाने शीळ घातली. तिने तत्क्षणी पाय सोडला आणि बक्षीस मिळेल या आशेने त्याच्याकडे बघत शेपटी हलवू लागली. तेव्हाच मला कळले की हिचा माझ्यावर काहीही राग नाही. बिचारी ड्यूटी करत होती.

मी तक्रार केली ती कुत्री सोडायला लावणाऱ्याविरुद्ध, म्हणजे गणवेश न नेलेल्या त्याच साहेबांविरुद्ध. चौकशी झाली. उंदराला मांजर साक्ष. निकाल असा आला की हुकूम कोणी दिलाच नव्हता, कुत्री आपणहून सुटली, कारण ती स्वभावाने हिंस्र आहे. साहेबांना बढती मिळाली आणि कुत्रीच्या नावापुढे सुई लिहिली गेली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. मी खात्याच्या कचेरीत जाऊन पट्टी बांधलेला पाय स्टुलावर ठेवून बसू लागले. रोज. शेवटी कंटाळून त्यांनी कागद दिला: सदर जनावर अर्जदार महिलेच्या हयातीपर्यंत तिच्या ताब्यात राहील, त्यानंतर खात्याकडे परत. परत म्हणजे काय, ते सगळ्यांना माहीत आहे.

ती घरी आली त्या दिवशी मंडळाची बैठक भरली. विषय एकच: तिला मांस घालायचे की नाही. तत्त्वाचा प्रश्न होता. दोन गट पडले, एकाने राजीनामा दिला, चष्मेवालीला रडू फुटले. शेवटी मतदान घ्यायचे ठरले. मोजणी करताना लक्षात आले की मॅडम खोलीत नाही. ती खाली दुकानात नणंदेच्या पायाशी बसून हाड चघळत होती. तेव्हापासून ती माझ्याकडे राहते आणि नणंदेकडे जेवते. मी बघत नाही, नणंद सांगत नाही. वाद मिटला.

"मॅडम" हे नाव तिच्या शिपायाने दिलेले. खात्यात तिचा हुद्दा त्याच्यापेक्षा वरचा होता म्हणे. तो दर रविवारी येतो. पहिल्यांदा आला तेव्हा जिन्याबाहेर रस्त्यावरच उभा राहिला. आत ये म्हटले तर येईना. मॅडमने त्याला असे चाटून काढले की त्याची टोपी रस्त्यावर पडली. पिल्लू असल्यापासून त्याने तिला वाढवले आहे. तिच्यावर त्याच्याइतका जीव कोणाचाच नाही, माझाही नाही. आणि ती आपणहून सुटली नव्हती हे सांगू शकणारा माणूसही तोच एक. वकीलबाई म्हणतात, त्याने जबाब दिला तर "हिंस्र" हा शेरा पुसला जाईल, आणि शेरा गेला की खात्याचा हक्कही संपेल. पण पेन्शनला थोडीच वर्षे राहिली आहेत, आणि साहेब अजून साहेबच आहेत. रविवारमागून रविवार गेले. तो तिचे कान साफ करतो, नखे कापतो, आणि तोंडाला कुलूप.

म्हणून या कलमाचा पहिला मसुदा मी असा लिहिला होता: मॅडमचा ताबा शिपायाला द्यावा, मात्र त्याने खरा जबाब दिला तरच, न दिल्यास त्याने तिला पुन्हा भेटूही नये. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही, हा माझा जुना अनुभव. वकीलबाई म्हणाल्या, अट कायद्यात बसते. मी खुशीत येऊन नणंदेला वाचून दाखवली.

ती मटण तोलत होती. गिऱ्हाईक गेल्यावर हात पुसत म्हणाली, "म्हणजे तूही तेच करतेयस की, वहिनी."

"काय तेच?"

"कुत्री पुढे करून माणसाला धमकावतेयस. साहेबानं तुझ्या अंगावर सोडली, तू त्याच्या अंगावर सोडतेयस. मॅडमला विचारलंस का तू?"

"अगं, मग तो बोलणार कसा?"

"नाही बोलला तर नाही बोलला. न्यायला येऊ देत खात्याची माणसं. मी दारात उभी राहीन. माझ्या हातात काय असतं ते सगळ्या गल्लीला माहीत आहे."

माझी नणंद दिवसाला चार बकरे कापते. तिने मला प्राण्यांचे हक्क शिकवावेत, याच्या मला मिरच्या झोंबल्या. दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी अट खोडली. खोडाखोडीवर सही केली आहे.

सहा, सुधारून. मॅडमचा ताबा तिच्या शिपायाला द्यावा. अट नाही. तो बोलो वा न बोलो, ती त्याची आणि तो तिचा. न बोलल्यास हे कलम खात्यापुढे टिकणार नाही, हे मला ठाऊक आहे. तरी माझी इच्छा हीच आहे. रविवारच्या भेटी त्याच्याकडून कोणी हिरावून घेऊ नयेत.

सात. हे कलम आज वाढवले, त्याचे कारण लिहिते.

आज रविवार. ताबा घेणाऱ्याची संमती हवी म्हणून वकीलबाई आल्या होत्या. साक्षीला हमाल आला होता. त्याला आणि शिपायाला एका खोलीत बसवणे बरे नव्हे, असे मला वाटले होते. पण सही करायला दुसरे कोणी मोकळे नव्हते. दोघे दोन टोकांना बसले, मध्ये मॅडम आडवी. वकीलबाईंनी सहावे कलम मोठ्याने वाचले, खोडलेलेही आणि सुधारलेलेही.

शिपायाने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाला, "मावशी, ती अट ठेवली असतीत ना, तर मी उठून गेलो असतो. दमदाटीनं बोलायला लावणारे मला रोज भेटतात."

मी म्हटले, "तुला कोणी काही विचारलेलं नाही. चहा घे. बिनदुधाचा आहे, सवय कर."

त्याने कप हातात घेतला, पण प्यायला नाही. "ती सुटली नव्हती. साहेब म्हणाले, सोड. मी सोडली. माझ्या शब्दाशिवाय तिनं आयुष्यात एक पाऊल टाकलेलं नाही." "इतके दिवस बोललो नाही, कारण तेवढ्यावर भागणार नाही. मोर्चा कशासाठी होता, हेही सांगावं लागेल. पायरीवरून कोणी पडलं नव्हतं. मी दारात उभा होतो. मी बघितलंय."

नणंद जिन्याच्या तोंडाशी उभी होती, तिने तोंडाला पदर लावला. मला हमालाकडे बघवेना. त्याने या एका वाक्यासाठी पाच वर्षे कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या आहेत, आणि प्रत्येक टेबलावर त्याला सांगितले गेले आहे की तुझे डोके फिरले आहे. तो रागावेल, उठून जाईल, कदाचित हातही उगारेल, असे मला वाटले. त्याने फक्त खुर्ची थोडी पुढे ओढली.

"दादा," तो म्हणाला, "पुन्हा एकदा सांगा. जरा सावकाश. बाईंना लिहून घ्यायचंय."

शिपायाने पुन्हा सांगितले, सावकाश, पहिल्यापासून. लिहिलेल्या जबाबाची प्रत या मृत्युपत्राला जोडली आहे. मूळ प्रत घेऊन तो, हमाल आणि वकीलबाई उद्या एकत्र जाणार आहेत. वकीलबाई म्हणतात, पुढच्या महिन्यात चौकशी नव्याने उघडेल आणि तक्रारदार म्हणून मला हजर राहावे लागेल. तेव्हा झडप बसवणाऱ्या डॉक्टरांना या लेखाने ताकीद देण्यात येते की त्यांनी काम चोख करावे. मला मरायला सध्या सवड नाही.

याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. वरील सर्व मला वाचून दाखवले, समजले आणि बरोबर आहे.

लिहून ठेवणार: सही. वरच्या मजल्यावरची शिंपीण.

ताबा घेणार: सही. मॅडमचा शिपाई. संमती आहे.

साक्षीदार पहिला: सही. बाजारातला हमाल. सही डाव्या हाताने केली असून ती त्याचीच आहे.

साक्षीदार दुसरा: सही. समोरचा घड्याळजी, दुकान बंद करून शेवटी आला. नणंदेला सही करायची होती, परंतु तिला सुऱ्या मिळणार असल्याने चालत नाही.

ठिकाण: शिवणयंत्राचे टेबल, दुकानाच्या वर.

तारीख: वकीलबाईंच्या शिक्क्याखाली आहे ती. वार रविवार, दुपार, चहा झाल्यानंतर.