चौदा किलो साबुदाणा

॥ श्री काळाराम प्रसन्न ॥

नाशिक,
वैशाख शुद्ध सप्तमी

ती. सुवर्णाताईस,

धाकट्या चंद्रभागेचा वाकून नमस्कार. (अजून वाकता येते, एवढी देवाची कृपा.) तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला बसला का? चांदवडला ऊन कडक असेल. असू दे, कडकच असू दे; का ते पुढे कळेल. फोन सोडून मी कागद का खराब करते, असे तुला वाटेल. पण आमच्या फोनमध्ये हल्ली एक जण राहायला आला आहे.

म्हणजे माणूस नव्हे. सूनबाईच्या, हर्षालीच्या, कंपनीने घरखर्चाचे ॲप काढले आहे आणि त्यात एक एआय मदतनीस ठेवला आहे. तो स्वतःच वहीत हात घालतो. नोंद लिहिणे, बदलणे, दोनाची एक करणे, खोडणे आणि विचारणे, एवढी कामे त्याला येतात. पण कोणते कधी करायचे आणि कधी हात आवरायचा, हे त्याला शब्दांत लिहून द्यावे लागते. लिहून दिले ते वेदवाक्य. ऑफिसातल्या शिकलेल्या मुलांनी काहीतरी लिहून दिले, तर त्याने सकाळचे दूध आणि संध्याकाळचे दूध एकच धरून महिन्याचे अर्धे दूध गायब केले. तेव्हा हर्षाली म्हणाली, "आई, एकतीस वर्षं वही लिहिताय, तुम्हीच शिकवा त्याला." मॅट्रिकनंतर मला कोणी काही लिहायला सांगितले ते हे पहिलेच, ताई.

मग दुपारची भांडी झाली की मी खिडकीशी बसायची. पडदा हलायचा, खालून भंगारवाल्याची आरोळी लांब लांब जायची, आणि तो मला दिसायचा. पांढरी टोपी, कानावर पेन्सिल, मांडी घातलेली, पण जमिनीपासून वीतभर वर. त्याला मी सावकाश सांगायची. खोडू नये, आडवी रेघ मारावी, खालचे वाचता आले पाहिजे. (देवालाही आणि सुनेलाही.) आहेराच्या एकशे एकमधला वरचा रुपया चुकून पडलेला नाही, त्याला हात लावू नये. वहीचा मेळ बसत नसेल तर मनाने बदलू नये, घरच्या कर्त्या माणसाला विचारावे. हर्षालीने सगळे जसेच्या तसे घातले. सरावाला म्हणून माझ्याच चार वर्षांच्या वह्यांचे फोटो त्याला दिले. मी कौतुकाने देऊ दिले, आणि साबुदाणा साफ विसरले.

तुला ठाऊकच आहे, दरमहा वाचवलेले नऊशे रुपये मी चौदा किलो साबुदाणा म्हणून लिहिते आणि साबुदाण्याच्याच डब्यात ठेवते. आपल्या दोघींचे रामेश्वर त्या डब्यात आहे. पैसे उघडे ठेवले की ह्यांच्या स्कूटरला काहीतरी होते. (दोनदा झाले आहे. स्कूटर छान चालते, आपण अजून समुद्र पाहिलेला नाही.) तर मदतनीसाने घरच्या कर्त्या माणसाला विचारले. कर्ती म्हणजे मी, एवढे लिहायचे राहिले होते. त्याने ह्यांना विचारले. सकाळच्या चहाला ह्यांनी मोठ्याने वाचले, की आपल्या घरात उपवास करणारी व्यक्ती एकच दिसते, महिना चौदा किलो साबुदाणा बरोबर आहे का? आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "अगं, एवढं खातो आपण? मग मी असा वाळलो कसा?" माझ्या तोंडून निघून गेले, की तो ताईला पाठवते, ती पापड करते. (रामाला लगेच जाऊन सांगितले. तो काही बोलला नाही. ह्यांच्यासारखा नाही तो.)

त्या दुपारी डोळा लागला. चार वर्षांचा साबुदाणा एकदम भिजला होता, फुगत फुगत ओट्यावरून उतरला, उंबरा ओलांडून गेला, आणि पाहते तो पांढऱ्या फेसाच्या लाटा. आपण दोघी लुगडी वर खोचून घोटाभर पाण्यात. तुझा गुडघा दुखत नव्हता. काठावर तो टोपीवाला दाणे मोजत होता. म्हणाला, ही लाट कोणत्या खात्यात लिहू? मी म्हटले, लिहू नकोस रे. असू दे.

भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
चंद्रभागा

ता. क. हे रविवारी पापड बघायला चांदवडला येत आहेत. (त्याच स्कूटरवरून.) तरी तोवर गच्चीभर साबुदाण्याचे पापड घाल आणि थोडे जुनेही दिसतील असे बघ. साबुदाणा तिथेच घे, पैसे रामेश्वरातून देते. या स्पीड पोस्टाचे साबुदाण्यातच लिहिले आहेत.

ता. क. २. कर्ती म्हणजे मी, हे आता लिहून दिले. तर काल त्याने मला विचारले, की दर शनिवारी केस कापण्याचे शंभर रुपये बरोबर आहेत का? ह्यांनी सांगायचे आणि मी लिहायचे, कित्येक वर्षे. ताई, तू ह्यांचे तुळतुळीत डोके पाहिले आहेस. मी एकदा साबुदाण्याच्या डब्याकडे बघितले. मग 'बरोबर आहे' दाबले.