जावयाचा वाटा

तळाशील, ता. मालवण
१८ नोव्हेंबर २००८

चि. वर्षालीस, तुझ्या बाबाचे भरभरून आशीर्वाद.

घरी सगळं ठीक. तुझी आई ठणठणीत आहे, म्हणजे माझ्यावर ओरडण्याइतका तिचा आवाज शाबूत आहे. फोन असताना पत्र कसलं लिहिताय, असं मघापासून दोनदा विचारून गेली. तुझा फोन आला की ती तो माझ्या हातातून ओढून घेते आणि मला परत मिळतो तो ‘बरं, ठेवतो’ म्हणण्यापुरता. म्हणून लिहायला बसलो. माझं अक्षर तुला लागतं, तेवढं पुरे.

बांगडा यंदा बरा लागतोय. आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख अजून ठरायची आहे, ठरली की कळवतो. आणि आमचा जावई कसा आहे?

दिवाळीत तू टेम्पोतून ते दोरी ओढणारं यंत्र किनाऱ्यावर उतरवलंस, तेव्हा बाबली पहिला ओरडला होता, “वर्षालीन जावई हाडल्यान रे!” यंत्राला ‘जावई’ हेच नाव कायम झालं. आता पोरंसोरं मला रस्त्यात विचारतात, जावई पुन्हा कधी येणार? तुझी आई आधी चिडली, आता तीच विचारते.

दर्यात टाकलेलं रापणीचं लांबलचक जाळं दोन्ही टोकांनी ओढून किनाऱ्याला आणायचं, यात विद्यापीठाने शिकण्यासारखं काय आहे, असं मी तुझ्या सरांना विचारलं होतं. ते म्हणाले, माणसं न बोलता एकमेकांचा जोर सांभाळून घेतात, तेच यंत्राला शिकवायचंय. मग तू आम्हा सगळ्यांच्या हातांना पट्टे बांधलेस. पट्टा यंत्राला कळवणार कोण किती ओढतोय, आणि यंत्र त्या बेताने जोर लावणार. मला गंमत वाटली. रांगेत यंत्र, त्याच्यामागे मी, माझ्यामागे बाबली. जावई-सासरे एका दोरीला.

आणि मग जावयाने असा हिसका दिला की आम्ही सगळे वाळूत बसलो. भाई तर चक्क आडवे. सत्तरीतला माणूस, रापणीचा म्होरक्या, पण उठून हसत सुटले.

त्या दिवशीचे वाटे आठवतात ना? भाईंनी वाळूवर मासळीचे वाटे घातले आणि एक यंत्रासमोर ठेवला. बाबली म्हणाला, “अरे, पण तो खातलो काय?” भाई म्हणाले, “दोरीक हात लावल्यान मां? मगे तेचो वाटो तेका. तो नाय खायत तर सासरो खायत.” तिरफळं घालून आईने त्याचं तिखलं केलं आणि तुझे सर बोटं चाटत जेवले. जावयाचा वाटा त्यांनीच संपवला, हे त्यांना सांगितलंस की नाही?

बरं. आता ज्यासाठी बसलो ते.

परवा आई मला म्हणाली, वर्षालीचं काम अडलंय. बाबलीचा जोर दुप्पट का दिसतो आणि यंत्राने हिसका का दिला, याचा मेळ लागत नाही म्हणून सर नाराज आहेत. तुमचा पट्टा बिघडलेला होता म्हणे, म्हणून तुमचा आकडाच तिने काढून टाकला. वर हेही म्हणाली, की मालवणात कुठे शिकवायची जागा निघते का ते बघायला तू सांगितलंयस.

पोरी, हिसक्यानंतर तू काँप्युटरकडे पाहिलंस, मग माझ्याकडे पाहिलंस. जवळ आलीस आणि पट्टा सोडता सोडता म्हणालीस, “बाबा, तुमचो पट्टो बिघडलो वाटता.” मी म्हटलं, “बिघडलो आसतलो.” तू मान वर केली नाहीस. मीही दर्याकडे बघत राहिलो.

गेल्या शिमग्यात होडी वर घेताना माझा खांदा गेला. ‘जरा दुखतोय’ एवढंच तुला सांगितलं. डॉक्टर म्हणाले, यापुढे या हाताने ओझं नाही. तुला कळलं तर सगळं टाकून घरी येशील, म्हणून गप्प बसलो. आणि बघ, तू तेच करायला निघालीस.

खांदा गेल्यावर मी रापणीला जाऊन लांब वाळूत बसायचो. एके दिवशी भाई ओरडले, “तुकाराम, तुका कोणी सांगल्यान थंय बसाक? ऊठ, दोरीक हात लाव.” मी म्हटलं, “माका ओढूक जमणा नाय.” ते म्हणाले, “ओढ म्हणान कोण सांगता? हात लाव.” तेव्हापासून मी दोरी धरतो आणि रांगेबरोबर मागे मागे चालतो. माझ्या वाट्याचं बाबली ओढतो. याबद्दल कोणी कधी बोललं नाही, बाबलीही नाही. मला वाटा मिळतो. पहिल्या दिवशी तो घरी आणताना मला रडू आलं होतं. हे तुझ्या आईलाही ठाऊक नाही.

माझ्या पट्ट्यावर जोरच दिसेना, म्हणून तुझ्या यंत्राला वाटलं की दोरी माझ्या हातून निसटली, आणि त्याने हिसका दिला. त्याचा काय दोष? आमच्यात नवीन आहे ते. पण माझाच आकडा तू काढून टाकलास, तर त्याला कळणार कसं की रांगेत असाही माणूस असतो?

तू मला झाकायला गेलीस. त्याचं मला वाईट वाटलं नाही, उलट फार माया आली. पण माझ्यापायी तुझं काम खोटं पडलं, तर मला ही दोरीसुद्धा धरवणार नाही. मालवणातल्या नोकरीचं डोक्यातून काढून टाक. जानेवारीत जावयाला घेऊन ये आणि पट्टा सगळ्यांच्या देखत माझ्या हाताला बांध.

त्याआधी सरांकडे जा. घाबरू नकोस, तिखलं खाल्लेला माणूस आहे, समजून घेईल. त्यांना सांग, पट्टा चांगला होता. तो हात माझ्या बाबांचा होता.

दोरी धरून असलेला,
तुझा बाबा