व्हाइसच्या तळावरची ओळ

३ फेब्रुवारी, सकाळी ७
संकल्प : व्हाइस (लोखंड घट्ट पकडायचा शिकंजा) या आठवड्यात संपवणे.
संध्याकाळच्या वर्कशॉपमध्ये बाकीचे अकरा जण अजून कानस घासत बसलेत. माझा फक्त शेवटचा हात राहिलाय. पोलादाचा तळ, त्यावर उभा जबडा, दोघांत काटकोन. बस्स. चाळीस वर्षं वृत्तं शिकवलेल्या माणसाला काटकोनाचं काय कौतुक!
शाळेत असताना वर्कशॉप आमच्या वर्गासमोरच होतं. तेलाचा वास खिडकीतून यायचा, आणि मी कविता पाठ करता करता तो हुंगायचो. वडील म्हणाले, भाषा घे. घेतली. पुढच्या महिन्यात सत्तर पूर्ण. त्याआधी हाताने केलेली एक तरी वस्तू जगात असावी.

४ फेब्रुवारी
वर्कशॉपात शिकवणाऱ्या बाई माझ्याच जुन्या विद्यार्थिनी. कवितेच्या तासाला बाहेर बघायच्या. तुला लय नाही, असं सांगून मी पाठांतरात नापास केलं होतं. अजून सर म्हणतात. संस्कार माझेच.
नियम सांगितला : तीनदा तपासणी. काटकोनातली चूक दोन शतांश मिलिमीटरच्या आत हवी. पास झाला तो लोखंड कापायच्या मिलिंग मशीनवर एकटा काम करणार. तिन्ही वेळा चुकला तो नव्या तुकडीबरोबर पुन्हा पहिल्यापासून. दोन शतांश म्हणजे केसाचा तिसरा हिस्सा! हा नियम इतरांसाठी असावा.
घरी हिला सांगून टाकलं, पास झाल्यातच जमा. ही म्हणाली, मग जमा झाल्यावर सांगा.

९ फेब्रुवारी
पहिली तपासणी. माझी चूक सहा शतांश. बाईंनी व्हाइस उलटा करून तळाखालून लोखंडाची एक कपची काढली. काम बसवण्याआधी मशीन झाडलं नव्हतं का, सर? म्हटलं, ही कपची माझी नाही. तीन मशीनं आहेत इथे, कुणाचीही असेल.
घराशेजारचा बेकरीवाला, तोही याच तुकडीत, पहिल्या फटक्यात पास. हा दर वेळी ब्रशने मशीन असं झाडतो, जणू ओट्यावर पीठ सांडलंय. अंगी कला नसली की माणूस स्वच्छतेकडे वळतो.

१४ फेब्रुवारी, संध्याकाळी ६
पुन्हा बसवलं. (झाडून. वाद नको.) स्वतः मोजलं : एक शतांश! जबडा असा ताठ उभा, की पुन्हा एकदा मोजलं. आज तपासून घेता आलं असतं. पण वस्तू मुकी वाटली.
थोर कारागीर आपली खूण ठेवतात. मीही ठेवणार. तळाखाली, कुणाला दिसणार नाही अशी. ओळ वर्गातच सुचली : सरळ राहो माझे अवघे जिणे.
बेकरीवाला म्हणाला, काका, काय वाट्टेल ते करा, पण तळाला हात लावू नका. काका! याचे स्वतःचे केस पिकलेत.

१६ फेब्रुवारी
ओळ कोरली. सेंटर पंच आणि हातोडी, एकेक ठिपका. दोनशे एकेचाळीस ठिपके, शिरोरेषेसकट. शिरोरेषा नको, वेळ वाचेल, असंही मनात आलं होतं. पण शिरोरेषेशिवाय अक्षर म्हणजे टोपी उडालेला हेडमास्तर. अक्षरं मोठी, तळभर. प्रत्येक ठिपक्याभोवती लोखंडाची कड वारुळासारखी वर आलेली. बोट फिरवलं की ओळ वाचता येते. काय उठाव!

१९ फेब्रुवारी
दुसरी तपासणी. नऊ शतांश.
मी म्हटलं, काटकोन तपासायचा तुमचा गुण्या पडलाय का? बाईंनी सपाट प्लेटवर निळा रंग चोळला, त्यावर माझा व्हाइस घासला आणि उलटा केला. जिथे लोखंड उंच तिथेच रंग लागतो म्हणे. सगळा तळ कोरा आणि फक्त ओळ निळीशार. बाईंनी ती मोठ्याने वाचली. सगळे हसले. बेकरीवाला तर हातोडी खाली ठेवून हसला.
(लय मात्र बाईंनी बरोबर पकडली. तेव्हा कुठे गेली होती?)
निदान : शिरोरेषेची बाजू उचलली गेली, म्हणून जबडा कलला. बाई म्हणाल्या, वर आलेल्या कडा घासून टाका, सर, अक्षरं राहतील. राहतील! उठाव गेलेली ओळ म्हणजे कविता नव्हे, पुटपुटणं.

२२ फेब्रुवारी
तडजोड. फक्त शिरोरेषा घासली. आता कल दुसऱ्या बाजूला, पाच शतांश. हे पोलाद अगदीच अरसिक आहे.

२४ फेब्रुवारी
'सरळ' आणि 'जिणे' घासले. शेवटी संपादन कुणाला चुकलंय?

२६ फेब्रुवारी
'राहो' गेले. 'अवघे' गेले. आता फक्त मधला शब्द, 'माझे'. एकच शब्द, अगदी मधोमध. त्याने काय बिघडणार?
हिने विचारलं, झाला का तुमचा तो अडकित्ता? हिला व्हाइस म्हणता येत नाही असं नाही. म्हणायचं नाही.

२८ फेब्रुवारी
तिसरी तपासणी. प्लेटवर ठेवताच व्हाइस डुलला. एका बोटाने इकडे, एका बोटाने तिकडे. बाईंनी मोजायचा डायल लावलाच नाही. माझ्यासमोर कानस ठेवली आणि हळूच म्हणाल्या, पाच मिनिटं देते, सर, एवढी कड काढा, मी चहा घेऊन येते.
मी म्हटलं, एका शब्दापायी नापास करणार मला?
त्या म्हणाल्या, सर, मी कुठे करतेय.
चहा घेऊन आल्या. कानस होती तिथेच होती. पाच मिनिटं मी तो शब्द बोटाने चाचपत बसलो होतो. वहीत त्यांनी शेरा मारला : डुलतो.

१ मार्च
हिला म्हटलं, कामात बारकावे फार असल्याने मला पुढच्या टर्मलाही बोलावलंय. ही म्हणाली, हो, बेकरीवाल्याने सांगितलं. कानशीपासून ना? डबा द्यायचा का?
म्हटलं, दे.

५ मार्च
नवी तुकडी. बाईंनी सगळ्यांना एकेक ओबडधोबड तुकडा दिला. मलाही. आज एकच काम, कुठलीही एक बाजू सपाट करायची.
झाली नाही.