रेघेच्या जाडीएवढी फट

३ फेब्रुवारी, सोमवार

फर्मे झाले! फुगीर कडेचा एक साचा, खोलगट कडेचा एक. दोन्ही माझ्या हातचे.

जुन्या कपाटाची पाठ पडून होती, त्या प्लायचे काढले. बाकदार ओळीत खिळे ठोकले, त्यांना टेकवून लवचिक पट्टी वाकवली, पट्टीच्या कडेनं पेन्सिल फिरवली. छान संथ बाक आला. मग तीच रेघ दोन तुकड्यांवर उतरवून कापायची. एकेक फर्मा फळीवर आवळायचा आणि त्याच्या कडेनं लाकूड कोरायचा राउटर फिरवायचा. पांढरी फळी काळ्या फळीत जाऊन बसते, दोघींची मिळून एक पायरी. अशा सोळा करायच्या आहेत. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी ठकीच्या घरचा जिना बघितला आणि हटून बसल्या — तस्साच पाहिजे!

ठकीचा जिना मी एकट्यानं केला होता. लेकीच्या लग्नाची भेट म्हणून. दादाला हातसुद्धा लावू दिला नव्हता. एरवी तीस वर्षं एकच रीत — फुगीर फर्मा दादा कापणार, खोलगट मी.

यंदा दादाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. धुळीत, भुशात यायचं नाही म्हणून डॉक्टरांनी बजावलंय. तर मला म्हणतो, तुझ्याच्यानं एकट्याचं नाही व्हायचं, थांब महिनाभर. थांबतोय! मी काय काल लागलोय कामाला?

५ फेब्रुवारी, बुधवार

पहिल्या तीन पायऱ्या जोडल्या. सांध्यात किंचित फट. किंचितच, नख अडकेल एवढी. लाकूड आक्रसलं असणार. भुसा सरसात कालवून भरला, घासला, पॉलिशचा एक हात मारला. आता कुणाच्या बापाला कळणार नाही.

बाई दात भरतात, मी पायऱ्या भरतो. हा विनोद त्यांना सांगायचा नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज आणखी चार. चारही फटीच्या. सुताराच्या दुकानात भुसा कमी पडायला लागलाय!

८ फेब्रुवारी, शनिवार

ठकीचा फोन. हिनंच घेतला, आत जाऊन दार लोटून बोलत होती. मायलेकींचं काय गूळपीठ असतं कोण जाणे. नंतर म्हणाली, ठकी रविवारी बोलावतेय. मी म्हटलं, काम आहे. आणि जाऊन करू काय? सहा वर्षांत एकदा मला वरच्या मजल्यावर जाऊ दिलेलं नाही. पोचलो की दाराशीच खुर्ची पुढं करते. "बसा बाबा, तुमचे गुडघे." अगं, ठणठणीत आहेत माझे गुडघे! मी केलेला जिना मीच चढायचा नाही, हा कुठला न्याय?

नात मात्र वरून धावत येते. चार वर्षांची आहे, पण मधेच कुठंतरी अशी उडी मारते की धप्प आवाज येतो. तो आवाज मला फार आवडतो.

१० फेब्रुवारी, सोमवार

अकरा पायऱ्या झाल्या. भिंतीला टेकवून ठेवल्यात. येता-जाता पेरानं ठोकतो. बाकी ठिकाणी लाकूड टणटण बोलतं, सांध्यापाशी बद्द. सगळ्या अकरांचं तेच. त्या रांगेकडे पाठ करून काम करवत नाही. आज शेवटी माझं टेबल फिरवून घेतलं.

दुपारी बाई सासऱ्यांना घेऊन आल्या. अंगानं भरभक्कम माणूस, हातात काठी. त्यांची खोली वरच्या मजल्यावर. पायरीवरून हात फिरवत म्हणाले, सांधा कुठाय तेच कळत नाही हो! मी हसलो. हसायला नको होतं.

जिना खालून मोकळा आहे. पायरीला आधार फक्त दोन टोकांना, तोही मागच्या काळ्या फळीला, आणि पाऊल पडतं ते पुढच्या पांढऱ्या पट्टीवर. पट्टी धरून ठेवतो तो सांधा. दुसरं कुणी नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

जेवण गेलं नाही. ही म्हणाली, काय झालंय? म्हटलं, काही नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

न राहवून आज एका पायरीच्या काळ्या फळीच्या दोन टोकांखाली ठोकळे ठेवले आणि वर चढून उभा राहिलो. काही नाही. एक पाय पुढच्या कडेला सरकवला. काही नाही. जरासा भार दिला — आणि काड्! पांढरी पट्टी सांध्यातून उघडली, मी खाली आलो. नडगी सोलवटली.

सांध्यात बघितलं तर नुसता भुसा. लाकडाला लाकूड लागलेलंच नाही! माझं वजन ते किती? ते काठीवाले सासरे डोळ्यांपुढून हटत नाहीत. वरून सहाव्या-सातव्या पायरीवर आलेत, काठी पुढं टेकलीय... नको. लिहायलाही नको.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

फर्मे दहादा तपासले. पट्टी तीच, पेन्सिल तीच, रेघ तीच. चूक सापडत नाही. दादाला विचारायचं म्हणजे झालंच. महिनाभर थांब म्हणाला होता ना!

पण ते सासरे.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

ही परस्पर जाऊन दादाला घेऊन आली. काळा चष्मा, तोंडाला रुमाल. मी मान वर केली नाही. दादानं फुटलेली पायरी चाचपली. मग दोन्ही फर्मे एकमेकांना लावून खिडकीशी धरले. मधून उजेड आला. या टोकापासून त्या टोकापर्यंत, सगळीकडे सारखाच जाड.

"तू रेघ खातोस," दादा म्हणाला. "पहिल्यापासून. तुझी करवत रेघेच्या आतून जाते, रेघ भुशात; माझी बाहेरून, रेघ लाकडावरच. मी रेघ राखायचो म्हणून दोन्ही बसायचे."

"आणि तीस वर्षं सांगितलं नाहीस?"

"जमत होतं की. सांगून तुझा हात कशाला बिघडवू?"

एका रेघेची जाडी! आमच्या पेन्सिली बोटाएवढ्या, त्यांना टोक ते काय असणार. दोन्ही फर्म्यांची रेघ मी खाल्ली, तेवढीच फट राहिली. आणि मी आपला समजत होतो, माझा हात साफ आहे. तोंडात मारल्यासारखं झालं. रडू आलं. दादानं रुमाल सोडून दिला, तर त्यात निम्मा भुसा.

१७ फेब्रुवारी, सोमवार

दादानं फुगीर फर्मा नव्यानं कापून दिला, रेघ राखून. फळ्या अशा बसल्या की मधे कागद शिरेना. जुन्या सगळ्या पायऱ्या मी स्वतः चिरून टाकल्या, एकही शिल्लक ठेवली नाही. बाईंना जाऊन खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, घ्या आणखी दोन आठवडे, जुना जिना आहे तोवर.

सुटलो! आज कितीतरी दिवसांनी पोटभर जेवलो. हीसुद्धा हसली, पण लगेच गंभीर झाली. म्हटलं, आता काय? तर म्हणाली, काही नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

दाढी करता करता हात थांबला.

ठकीचा जिना. दोन्ही फर्मे माझेच.

तीनदा फोन लावला, उचलत नाही. पहिल्या बसनं निघतोय. हीसुद्धा चपला घालून तयार आहे. कुठं, कशाला, काही विचारत नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार. ठकीच्या घरी

सगळे सुखरूप आहेत. काल पोचलो तेव्हा ठकीनं खुर्ची पुढं केली. बसलो नाही, सरळ जिन्याकडे गेलो. तिनं हिच्याकडे बघितलं, हिनं खाली. नात पळत आली, माझं बोट धरून पुढं चढायला लागली. मी मोजत होतो. सातवीवर ती थांबली, कठडा धरला, लांब ढांग टाकून थेट नववीवर गेली. मी आठवीवर पाय ठेवणार, तर तिच्या सांध्यातून खालचा उजेड दिसला, तेवढ्यात नात वळून मला समजावून सांगू लागली:

"इथं पाय नाही ठेवायचा. कुण्णीच नाही ठेवत. ही आजोबांची पायरी आहे."