पंगतीला कात्री लावायची नाही

मी शिवलीला, गुरुबसव शेटकार यांची पत्नी, वय वर्षे सहासष्ट, धंदा लग्नाच्या कॅसेटी जोडणे व स्वतःचा सिनेमा स्वतः विकणे, राहणार खटकचिंचोळी, तालुका भालकी, जिल्हा बीदर, आज माझ्याच स्टुडिओत माझ्याच खुर्चीत बसून हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहिते. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून झाले आहेत. डोके पहिल्यापासून शाबूत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. ज्यांनी टाकून पाहिला त्यांची हकीकत कलम पाचमध्ये येईल.

हे मराठीत लिहिते कारण माझी शाळा मराठी. घरात आम्ही कन्नड बोलतो आणि बाजारात दखनी, पण कागदावर माझा हात मराठीतच चालतो. भालकीचे वकील महेशकुमार याचे कन्नड करून सोबत जोडतील. हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे कामही त्यांच्याकडेच सोपवते.

कलम एक. माझ्या गळ्यातले इष्टलिंग माझ्याबरोबर जाईल. त्याची वाटणी नाही. मला आमच्या मळ्यात गुरुबसव यांच्या शेजारी समाधीत बसवावे. त्यावेळी भाषणे करू नयेत.

कलम दोन. खटकचिंचोळीचे घर, वरचा मजला धरून, माझा एकुलता एक मुलगा रविकुमार यास देते. तो बेंगळुरूला असतो आणि या घरात वर्षातून चार दिवस येतो, तरी घर त्याचेच आहे. मात्र रस्त्याकडेचा स्टुडिओ, मिक्सिंगचा कॉम्प्युटर, पडदा, प्रोजेक्टर, जनरेटर, व्हॅन आणि अडतीस सतरंज्या माझी नणंद जगदेवी हिच्या. लग्नानंतर दोन वर्षांत ती विधवा होऊन माहेरी आली, तेव्हा भाऊबंद म्हणाले होते की एक खाणारे तोंड वाढले. त्याच तोंडाने पुढे एकसष्ट गावांत आमचा सिनेमा विकला.

कलम तीन. सोन्याच्या पाटल्या सुनेला. बोरमाळ जगदेवीला. चांदीचा डबा कोणालाही द्या, तो चांदीचा नाही.

कलम चार. आता खरी मिळकत. आमचा सिनेमा, नाव ‘रुसलेला मांडव’.

तो कसा झाला हे लिहिल्याशिवाय त्याची वाटणी कोणाला कळणार नाही. गुरुबसव लग्नाचे शूटिंग करीत आणि मी घरी मिक्सिंग करी, म्हणजे जोडणे, कापणे, गाणी घालणे. आमच्या भागात लग्नाच्या कॅसेटीत एकवेळ नवऱ्याचा चेहरा निसटला तर चालते, पंगतीत जेवणारा माणूस निसटलेला चालत नाही. सन १९९८ साली चिटगुप्प्याच्या एका लग्नात पंगत फार लांबली म्हणून मी ती निम्मी कापली. त्यात नवऱ्याचे मामा चनमल्लप्पा गेले. कॅसेट परत आली. सोबत निरोप आला, “आमचे मामा काय उपाशी गेले व्हय?” दोन घरे दोन वर्षे एकमेकांच्या दारात गेली नाहीत. नव्या नवरीला पहिल्या पंचमीला माहेर मिळाले नाही. माझ्या एका कात्रीने हे झाले, याची मला आजही लाज वाटते. त्या दिवशी मी नियम केला की पंगतीला कात्री लावायची नाही.

सन २००९ मध्ये आम्ही सिनेमा काढला. गोष्ट सोपी. लग्नात दोन्हीकडचे मानापानावरून भांडतात आणि नवरी मांडवात उभी राहून सांगते, सगळे जेवल्याशिवाय मी अक्षता घेणार नाही. मग पंगत बसते. गुरुबसवांनी सवयीप्रमाणे कॅमेरा पंगतीच्या या टोकाला लावला तो त्या टोकाला जाईपर्यंत थांबवला नाही. मीही सवयीप्रमाणे तो कापला नाही. चौदा मिनिटे आमच्या गावची चारशे बारा माणसे नुसती जेवतात. सिनेमावाले याला चूक म्हणतात. चूकच होती. पण अशी चूक करायलासुद्धा वीस वर्षे लग्नांत घालवावी लागतात.

चिटगुप्प्याच्या टॉकीजचे मालक बंडेप्पा यांना आम्ही तो दाखवला. ते पंगतीपर्यंत थांबले, मग चपला घातल्या. म्हणाले, “अक्का, ह्याला सिनेमा म्हणत न्हाईत. ही जेवणावळीची कॅसेट हाय. पैसे देऊन लोकांचं जेवण कोण बघतंय?”

कोण बघते ते सांगते. आम्ही आमच्याच गावचे मंगल कार्यालय घेतले, भर दुपारी खिडक्यांना सतरंज्या लावून अंधार केला आणि जगदेवी दारात स्टूल टाकून बसली. जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूवर तिने हाताने तिकिटे लिहिली होती. चारशे बारा माणसे स्वतःला बघायला आली, आणि प्रत्येकाने आपल्याला दाखवायला दोन पाहुणे आणले. पंगत सुरू झाली आणि लोक स्वतःच्या जबड्यांना शिट्ट्या मारू लागले. एक म्हातारी उठून पडद्याजवळ गेली आणि आपल्याच पानावरच्या हुग्गीकडे बोट दाखवून म्हणाली, “मला कमीच वाढलेती बघा!” गव्हाची खीर इतक्या वर्षांत कोणी अशी भर सभेत मोजली नसेल. त्या दिवशी तीन खेळ झाले.

आठवड्यात शेजारच्या गावचे लोक भांडायला आले. “अक्का, तुमच्याच गावचे लोक कामून जेवायलेत? आमच्यात काय तोंडं न्हाईत?” जगदेवीने जागच्या जागी सौदा केला. जे गाव खेळ घेईल त्या गावाने पंगत घालायची, आम्ही ती शूट करायची आणि पुढच्या खेळापासून ती सिनेमात. गाव करील ते राव काय करील म्हणतात. सोळा वर्षांत एकसष्ट गावे झाली, आणि नवरी आता तीन तास चाळीस मिनिटे अक्षतांची वाट बघते. लोक पंगतीत घरी जाऊन गुरे सोडून परत येतात आणि आपले गाव आले की जागेवर बसतात. मला त्यात काही कमीपणा वाटत नाही.

गुरुबसव २०१७ मध्ये गेले. त्यानंतर शूटिंग जगदेवीने सांभाळले. फोन आल्यापासून आम्ही सिनेमा पेनड्राइव्हमध्ये भरून घरूनच विकतो. मधे कोणी दलाल नाही. दुबईहून शरणबसव नावाच्या मुलाचा फोन आला होता. चिटगुप्प्याचा. म्हणाला, “अक्का, माझी आई जेवायलीय तेवढं गाव तरी पाठवा. घरात तिचा एकबी फोटो न्हाई.” मी अख्खा सिनेमा पाठवला. नंतर त्याने सांगितले की तिथल्या खोलीत सगळे मिळून बघतात, आणि त्याची आई आली की बाकीचे जेवायचे थांबतात. त्या फोननंतर मी बसून रडले आणि मग उठून जगदेवीला म्हटले, आपण जिंकलो बघ.

कलम पाच. गेल्या वर्षीच्या दिवाळीत मोठ्या शहरातल्या एका कंपनीचा माणूस आला. फोनवर सिनेमे दाखवणारी कंपनी. माणूस सभ्य होता, दोनदा चहा घेतला. म्हणाला, “सिनेमा उत्तम आहे. फक्त पंगत दोन मिनिटांची करा. बाकी सगळे आम्ही विकत घेतो, कायमचे.” आकडा मी इथे लिहीत नाही, कारण वाचणाऱ्याचे लक्ष तिकडेच राहील. मी नाही म्हटले. तो माझ्या मुलाकडे गेला.

रवीचे म्हणणेही लिहिते, म्हणजे अन्याय नको. फोनवर म्हणाला, “अव्वा, चार तास लोकांचं जेवण कोण बघायलंय?” मी म्हटले, “जेवलेली माणसं बघायलेत.” तो म्हणाला, “तू आहेस तोवर ठीक. तुझ्या मागं मी विकणार.” तो लोभी नाही. त्याच्या मनात एवढेच आहे की आईबापाचे नाव मोठ्या ठिकाणी लागावे. पण दोन मिनिटांत एकसष्ट गावे बसत नाहीत, आणि मी गेल्यावर सात हजार माणसांना पानावरून उठवले जाईल, हा घोर मला गेले वर्षभर लागला. डॉक्टरांनी हृदयाची झडप सैल झाल्याचे सांगितले, त्यापेक्षा हा घोर मोठा. म्हणून पुढचे कलम.

कलम सहा. ‘रुसलेला मांडव’ची गोष्ट, गाणी आणि खेळ लावण्याचा व विकण्याचा हक्क मी जगदेवीला देते. पंगत मात्र तिला देत नाही. पंगत त्या पंगतीत बसलेल्यांची. ज्या गावच्या पंगतीत जो माणूस बसला आहे, त्याचा पडद्यावरचा घास त्याच्या मालकीचा. एकंदर सात हजार तीनशे अठरा माणसे, नावे व गावे सोबतच्या वह्यांत आहेत. पंगत कापणे, आखडणे, पळवणे किंवा पुसट करणे यासाठी या प्रत्येकाची लेखी सही लागेल. जो हयात नाही त्याच्या सगळ्या वारसांची लागेल. कंपनीला सिनेमा हवाच असेल तर त्यांनी खटकचिंचोळीपासून सुरुवात करावी. भाऊबंदकीत ज्यांची बांधावरची सही तीस वर्षे झाली नाही, अशी आमच्या गावात नऊ घरे आहेत. त्यांना माझ्या शुभेच्छा.

महेशकुमार वकिलांनी हे वाचून डोक्याला हात लावला. म्हणाले, “अक्का, हे वाटप न्हाई, ही जत्रा झाली.” मी विचारले, कायद्यात बसते का? ते दोन दिवस पुस्तके घेऊन बसले आणि म्हणाले, “बसतं की न्हाई ते ठरवायलाच कंपनीची धा वर्षं जातील.” मला तेवढे पुरे आहे.

कलम सात. साक्षीदारांविषयी. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते तो साक्षीदार चालत नाही, असे वकिलांनी सांगितले. आता आली का पंचाईत! मी निवृत्त गुरुजी उद्धवराव यांना बोलावले होते. निघाले काय, तर ते तीन गावांत तीनदा जेवले आहेत. पोस्टमन, तलाठी, पिठाच्या गिरणीवाले, सगळे माझे वारस. खुद्द वकील भालकीच्या पंगतीत दुसऱ्या रांगेत लोणचे मागताना दिसतात. सगळा तालुका धुंडाळून पंगतीत न बसलेली दोन माणसे सापडली. एक, आमच्या दवाखान्याच्या डॉक्टर नेत्रावती, ज्या आठ महिन्यांपूर्वी बदलून आल्या. दुसरे बंडेप्पा.

त्यांची टॉकीज बंद पडून तिथे आता तुरीची पोती असतात. चिटगुप्प्याच्या खेळाला ते आले होते, पण दारातच उभे राहिले. जगदेवीने पान मांडून बोलावले तर म्हणाले, “म्या बसत न्हाई.” सोळा वर्षे हा माणूस माझ्या मनात खुपत होता, आणि आज माझे मृत्युपत्र त्याच्याच सहीवर उभे आहे. मी निरोप धाडला तसे काठी टेकत आले, चष्मा लावून सगळे वाचले. कलम चारवर थांबले.

“माझं बोलणं जसंच्या तसं लिवलीस की.”

“खोटं हाय का?”

“खोटं न्हाई,” म्हणाले. “चुकलं व्हतं माझं. आता तरी बसव की पंगतीला.”

“बसा. पण ह्या कागदात तुम्हाला वाटा न्हाई.”

“वाटा कुणाला पाहिजे? पान मांडा म्हंजे झालं.”

बासष्टावे गाव जनवाडा, तिथला खेळ येत्या रविवारी आहे. त्या पंगतीत पहिले पान बंडेप्पांचे मांडावे, अशी जगदेवीला सूचना आहे. जुने भांडण मी इथे संपवते.

कलम आठ. रवी, हे कलम तुझे.

पहिल्या पंगतीची चौथी रांग काढून बघ. तुझे अप्पा सकाळपासून कॅमेरा खांद्यावर घेऊन उभे होते. दुपारी तीनला त्यांनी तो न थांबवता जगदेवीच्या हातात दिला आणि रांगेत जाऊन बसले. तू कॉलेजातून आला होतास, बाप लोकांची तोंडे काढत फिरतो म्हणून मित्रांत लाजत होतास, आणि मी तुझ्या हातात हुग्गीची बादली दिली होती. अप्पा पानावर हात आडवा धरतात, “बस की रे” म्हणतात. तू त्यांचा हात बाजूला सारतोस आणि म्हणतोस, “आज तरी पोटभर जेवा, अप्पा.” मग दोघेही हसता. अकरा सेकंद. त्यांनी हजारो माणसे पडद्यावर आणली, आणि ते स्वतः उभ्या आयुष्यात एवढेच दिसतात.

ही अकरा सेकंदे मी रविकुमार यास पूर्ण मालकीने देते. यांना कोणाची सही लागणार नाही, ना जगदेवीची, ना गावाची. पंगतीत कात्री घालण्याचा हक्क जगात फक्त त्याला आहे, आणि तो फक्त इथे. कापायचेच असेल तर बाळा, इथून काप.

हे कलम आज सकाळी मी त्याला फोनवर वाचून दाखवले.   तिकडे त्याने नाक ओढले आणि म्हणाला, “अव्वा, रविवारी जनवाड्याला हुग्गी कोण वाढायलंय?”

मी म्हटले, अजून कोणाला सांगितलेले नाही.

“मग सांगू नको. मी यायलोय.”

वर लिहिलेले सगळे मी वाचून पाहिले. एक शब्दही कापलेला नाही.

ठिकाण : खटकचिंचोळी
दिनांक : १४ नोव्हेंबर २०२५

लिहून ठेवणार : शिवलीला गुरुबसव शेटकार (सही)

आमच्या समक्ष सही झाली. आम्ही दोघे आजवर कोणत्याही पंगतीत बसलेलो नाही.

साक्षीदार : डॉ. नेत्रावती (सही)

साक्षीदार : बंडेप्पा, राहणार चिटगुप्पा (सही), रविवारपर्यंत